सैनिकी आत्मवृत्तातील दोन ‘मी’

आत्मचरित्राचे मूल्यमापन करताना आपल्याकडील टीकाकार लेखकाच्या परिपक्व जीवनदृष्टीला मोठे स्थान देतात. उतारवयात लेखणी हाती घेतलेला मनुष्य आपल्या पूर्वायुष्याकडे जितक्या समंजसपणे पाहील तितके त्याचे आत्मचरित्र श्रेष्ठ, असा एक संकेतच रूढ झाला आहे. समाजसुधारक, शिक्षक, नट किंवा राजकारणी यांच्या आत्मचरित्रांपुरता हा संकेत फारसा बाधक नाही. त्यांच्या तारुण्यातील चुका बहुधा पुढील कार्याच्या पायऱ्याच झालेल्या असतात. सैनिकाच्या आत्मवृत्तालाही हाच निकष लावावा की काय, याविषयी मात्र प्रस्तुत लेखकाला शंका आहे. सैनिकाचा ज्वलंत अनुभव सामान्यतः वयाच्या अठराव्या ते पंचविसाव्या वर्षांच्या दरम्यान घडून जातो. तो लिहावयास बसतो तेव्हा चाळिशी-पन्नाशी उलटलेली असते. अनुभवणारा ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’ यांच्यात जेवढे अंतर येथे पडते तेवढे अन्य कोणत्याही आत्मचरित्रात क्वचितच पडत असेल. हे अंतर ओलांडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उपदेश.

निवृत्त सैनिकाला कोणी ना कोणी विचारतेच : आज तो अठरा वर्षांचा मुलगा पुढ्यात येऊन उभा राहिला तर त्याला काय सांगाल? उत्तरे बरीचशी ठरावीक असतात. पगार उधळू नकोस. आईला पत्र लिहीत जा. तोफेजवळ असताना कान जप. झालेली दुखापत दप्तरी नोंदवून घे, नाही तर पुढे पेन्शनीच्या वेळी कोणी ओळख देणार नाही. पडलेल्या सोबत्याच्या घरी एकदा तरी जाऊन ये. ही वचने खरी आहेत, आणि त्यांच्यामागे सोसलेले दुःखही खरे आहे. परंतु ती नीट पाहिली म्हणजे असे दिसते की ती सर्व युद्धाच्या अलीकडची किंवा पलीकडची आहेत. प्रत्यक्ष रणातील त्या तरुणाला सांगण्यासारखे या वडीलधाऱ्याजवळ एक तर काहीच नसते, किंवा ‘जाऊ नकोस’ एवढेच असते; आणि हे शेवटचे वाक्य उच्चारले की ज्याला ते सांगावयाचे तो मनुष्यच नाहीसा होतो. कारण तो गेला नसता, तर सांगणाराही उरला नसता.

आमचे म्हणणे असे की, सैनिकी आत्मवृत्तातील उपदेश स्वतःच्या तरुणपणाला उद्देशून केलेला भासला तरी तो वस्तुतः दुसऱ्या कोणाला तरी केलेला असतो. तो कोणाला आणि कोणाच्या देखत केला आहे, हा समीक्षेचा पहिला प्रश्न व्हावयास हवा. त्या तरुणाचे अज्ञान आणि त्याची स्वतःची कारणे लेखकाने त्याच्याजवळच राहू दिली आहेत की काढून घेतली आहेत, हा दुसरा.

मराठीत या दोन ‘मीं’चा एक जुना आणि लहानसा नमुना उपलब्ध आहे. नाना फडणिसांचे त्रोटक आत्मवृत्त हे आपल्या आत्मचरित्रवाङ्मयातील प्रारंभीच्या लेखनात गणले जाते. नाना शिपाई नव्हते. मातोश्री व पत्नी यांना घेऊन ते यात्रेच्या हेतूने भाऊसाहेबांच्या सैन्याबरोबर उत्तरेत गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या संहारात सापडले. त्यांना तेव्हा एकोणिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. मातोश्री त्यात अंतरल्या. या आत्मवृत्तात तरुण नानांच्या विषयवासनेबद्दल प्रौढ नाना कठोर शब्द वापरतात. तेथे उपदेशकाचा अधिकार त्यांनी पुरेपूर गाजविला आहे. पण पानिपतावरून निसटण्याच्या हकिकतीत भय आहे, वस्त्रे टाकून दिलेल्या देहाची लाज आहे आणि ईश्वरी कृपेचे स्मरण आहे. असे करावयास हवे होते, तसे करावयास नको होते, हा सूर तेथे वर येत नाही. पुढे राज्याच्या कारभारात मुत्सद्देगिरीसाठी नाव मिळविलेल्या पुरुषाने आपल्या रणांगणावरील अठरा वर्षांच्या देहाला शहाणपण शिकविले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता पाश्चात्त्य वाङ्मयाकडे वळू. पहिल्या महायुद्धाने सुशिक्षित, वाङ्मयीन संस्कार झालेले तरुण मोठ्या संख्येने खंदकांत लोटले, आणि त्यांतील जे वाचले त्यांपैकी कित्येकांनी दहा-बारा वर्षांच्या मौनानंतर लिहिले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांत सीगफ्रीड ससून हा सर्वांत उपयुक्त लेखक होय. तो एकच आयुष्य दोनदा सांगतो. १९२८, १९३० आणि १९३६ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तीन भागांत त्याने स्वतःला जॉर्ज शेर्स्टन हे नाव दिले, आणि १९३८ ते १९४५ या काळात पुन्हा तीन भागांत स्वतःच्याच नावाने आत्मचरित्र लिहिले. शेर्स्टन हा ससूनच आहे, पण त्यातून कवी वजा केलेला आहे. शिकारीचा नादी, थोडा मंद, सरळ मनाचा ग्रामीण जमीनदारपुत्र एवढेच शेर्स्टनजवळ उरते. वरवर पाहता हा कादंबरीकाराचा खेळ वाटेल. आमच्या मते त्याचे प्रयोजन याहून खोल आहे. तरुण ससून कवी म्हणून आपल्या अनुभवावर त्याच क्षणी भाष्य करीत होता. ते भाष्य काढून घेतल्याने पुस्तकात एक असा तरुण उरतो की जो फक्त पाहतो, भितो, चिडतो आणि चुकतो. सांगणाऱ्याने आपले शहाणपण त्याच्यावर लादण्याऐवजी त्याचे जे थोडेसे शहाणपण होते तेही कमी केले आहे!

जुलै १९१७ मधील प्रसंग पाहावा. शौर्यपदक मिळविलेला हा अधिकारी युद्ध हेतुपुरस्सर लांबविले जात आहे असे जाहीर करून पुन्हा आघाडीवर जाण्यास नकार देतो. त्याचे निवेदन ३० जुलै १९१७ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात वाचले जाते. लष्करी न्यायालयापुढे उभे राहावयाचे या निश्चयाने आलेल्या शेर्स्टनला त्याचा मित्र येऊन सांगतो की, तुझ्यावर खटला होणारच नाही. नकार कायम ठेवलास तर तुला वेड्यांच्या इस्पितळात कोंडतील. मित्र शपथ घेतो आणि शेर्स्टन वैद्यकीय मंडळापुढे जाण्याचे कबूल करतो. ती शपथ खोटी होती. सांगणारा ‘मी’ ही गोष्ट तेथल्या तेथे एका वाक्यात सांगून टाकतो, आणि उलट परिस्थिती असती तर आपणही त्याच्यासाठी तेच केले असते असे म्हणून पुढे जातो. एवढाच त्याचा हस्तक्षेप. ‘अरे, फसू नकोस’ असे तो ओरडत नाही आणि ‘बरे झाले फसलास’ असेही म्हणत नाही. शेर्स्टनला जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर शेर्स्टनने निर्णय घेतला, आणि तो निर्णय त्याचाच राहिला. १९३० सालचे हे पुस्तक सैनिकी आत्मवृत्ताचा आदर्श मानावयाचे झाल्यास तो मान या एका संयमासाठी द्यावा लागेल.

याच लेखकाने १९४५ मध्ये, आणखी एक महायुद्ध संपत असताना, स्वतःच्या नावाने लिहिलेल्या आत्मचरित्राच्या शेवटच्या भागात त्या १९१७ च्या निषेधाकडे पुन्हा पाहिले. पुढे घडलेल्या घटनांच्या प्रकाशात, १९१७ साली वाटाघाटींनी झालेला तह टिकला असता असे मानणे कठीण आहे, आणि जर्मनीचे आक्रमण पुन्हा उद्भवलेच असते, अशा आशयाचे मत तो तेथे देतो. विचार म्हणून त्यात वावगे काही नाही. १९४५ साली इंग्लंडमध्ये दुसरे मत असणारे फार थोडे सापडले असते. पण वाङ्मय म्हणून पाहिले तर येथे काय घडले आहे? साठीला टेकलेल्या मनुष्याने तिशीतल्या मनुष्याला एक सल्ला दिला आहे, आणि तो सल्ला हिटलरच्या उदयाच्या आधाराने दिला आहे. १९१७ चा अधिकारी आपल्या तुकडीतील शिपायांच्या मरणाविषयी बोलत होता. त्याला उत्तर मिळते ते पंचवीस वर्षांनंतरच्या जागतिक राजकारणाचे. हे उत्तर तरुण ससूनसाठी नाहीच. ते आहे १९४५ च्या इंग्रज वाचकासाठी, ज्याच्यासमोर त्या जुन्या निषेधाचे समर्थन करणे अवघड झाले होते. उपदेशाच्या अंगावर उपदेशाच्या वर्षाचा शिक्का असतो, तो असा. हाच मनुष्य १९३० मध्ये एक सांगतो आणि १९४५ मध्ये दुसरे, आणि दोन्ही वेळी तो ‘परिपक्व’च असतो. मग परिपक्वतेला निकष म्हणून काय किंमत उरली?

जर्मन लेखक अर्न्स्ट युंगर याने वेगळा आणि अधिक धोक्याचा मार्ग धरला. १९१४ मध्ये एकोणिसाव्या वर्षी स्वेच्छेने भरती झालेल्या या तरुणाने खंदकात टिपणवह्या लिहिल्या, आणि त्यांच्या आधारे सिद्ध केलेले ‘पोलादी वादळात’ हे पुस्तक १९२० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर तो ते पुस्तक बदलीत राहिला. १९२४ च्या आवृत्तीत राष्ट्रवादी आवेश वाढला. १९३४ च्या आवृत्तीत तोच आवेश कमी करण्यात आला. फेरफार करण्याचे हे काम १९७८ पर्यंत, म्हणजे लेखकाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत, चालू होते. ससूनने आपल्या तरुणपणाबद्दल मत बदलले, पण ते वेगळ्या पुस्तकात नोंदविले. जुने पुस्तक जागेवर राहिले. युंगरने तरुणाचेच शब्द बदलले. कोणी याला शैलीचा ध्यास म्हणेल, आणि युंगर हा शैलीचा मोठा उपासक होता हे कोणीही नाकारणार नाही. परंतु निवृत्त योद्ध्याने आपल्या तरुणपणास केलेला उपदेश येथे त्या तरुणाच्या तोंडात कोंबला जातो, आणि वाचकाला मात्र हे १९१६ चे रक्त आहे असे सांगितले जाते. मूळ टिपणवह्या २०१० मध्ये आणि सर्व पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या किंवा गाथेच्या पाठभेदांची चिकित्सा करण्याची परंपरा आहे, पण तेथील भेद लेखनिकांनी केलेले असतात. येथे ग्रंथकर्ताच स्वतःचा लेखनिक होऊन साठ वर्षे ग्रंथ दूषित करीत किंवा शुद्ध करीत बसला आहे. कोणता शब्द निवडावयाचा हे वाचकाने ठरवावे. आम्ही टिपणवह्यांच्या बाजूचे आहोत. रॉबर्ट ग्रेव्ह्जने आपले १९२९ चे आत्मचरित्र १९५७ मध्ये सुधारले, त्याची कथा याच जातीची पण पुष्कळ सौम्य आहे. त्याने विशेषेकरून खाजगी संबंधांचे उल्लेख काढले आणि वाक्ये घासूनपुसून घेतली. त्यात पूर्वीची खरखर गेली, एवढी तक्रार पुरे.

व्हिएतनामच्या युद्धानंतर अमेरिकेत याच प्रश्नाला एक निराळे वळण मिळाले. टिम ओब्रायन याच्या १९९० सालच्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’ या कथाग्रंथात निवेदकाचे नाव लेखकाचेच आहे, आणि तो त्रेचाळीस वर्षांचा आहे. पण ग्रंथ कल्पित म्हणून प्रसिद्ध झालेला आहे. त्यातील एका कथेत १९६८ च्या उन्हाळ्यात सक्तीच्या भरतीचा हुकूम हाती आलेला एकवीस वर्षांचा तरुण उत्तरेकडे पळतो आणि कॅनडाच्या सीमेवरील नदीकाठी एका जुनाट विश्रामगृहात सहा दिवस राहतो. तेथला मालक एक्याऐंशी वर्षांचा आहे. तरुण कोण, कशासाठी आला, हे त्याने पहिल्या दिवशीच ओळखले असावे. तो काहीच विचारीत नाही. शेवटच्या दिवशी तो त्याला नावेतून कॅनडाच्या काठाजवळ नेतो आणि नाव थांबवून मासे धरीत बसतो. तरुणाला रडू येते. वृद्ध गळाकडे पाहत राहतो. उडी मारणे होत नाही, तरुण परत फिरतो आणि युद्धावर जातो. त्या जाण्यालाच निवेदक पुढे आपला भ्याडपणा म्हणतो.

या कथेत तीन वये एकत्र आली आहेत : एकवीस, त्रेचाळीस आणि एक्याऐंशी. उपदेश करण्याचा नैसर्गिक अधिकार ज्याचा, त्या एक्याऐंशीच्या वृद्धाला लेखकाने मुके ठेवले आहे. आणि त्रेचाळीसच्या निवेदकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असूनही तो नावेत शिरत नाही. तो केवळ निवाडा देतो, आणि तोही स्वतःच्या विरुद्ध. हा निवाडा आम्हांला पूर्णपणे पटत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाला गावाची लाज वाटली, आईबापांची लाज वाटली, यालाच भ्याडपणा म्हणावयाचे तर धैर्याची व्याख्या फारच थोड्या माणसांना पेलेल. तरीही कलादृष्ट्या त्या वृद्धाचे मौन फार मोलाचे आहे. त्याने मार्ग दाखविला नाही, काठापर्यंत नेले मात्र. उपदेशाऐवजी वीस-पंचवीस हातांवरचा किनारा त्याने तरुणाच्या डोळ्यांपुढे आणून ठेवला.

आतापर्यंतच्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. हे सर्व लेखक आपल्या संहितेचे धनी होते. बदलावयाचे की नाही, बोलावयाचे की मुके राहावयाचे, हे त्यांच्या हाती होते. हिंदुस्थानी शिपायाची स्थिती तशी नव्हती. आणि म्हणूनच दुसऱ्या ‘मी’चा, म्हणजे सांगणाऱ्याचा, विचार आपल्याकडे अधिक बारकाईने करावा लागतो.

अयोध्या प्रांतातील सीताराम पांडे याच्या आत्मवृत्ताचे इंग्रजी भाषांतर १८७३ मध्ये लाहोरला प्रसिद्ध झाले. भाषांतरकार नॉरगेट हा कंपनीच्या फौजेतील अधिकारी. त्याच्या सांगण्याप्रमाणे, त्याने आग्रह केल्यावरून पेन्शनीत निघालेल्या वृद्ध सुभेदाराने आपली हकिकत लिहून दिली; आणि ती देताना आपल्या पेन्शनीला धक्का तर लागणार नाही ना, अशी भीती सुभेदाराला वाटत होती. मूळ देशी संहिता आजवर मिळालेली नाही. त्यामुळे हा ग्रंथ खरोखरच शिपायाचा की साहेबाने रचलेला, असा वाद अभ्यासकांत आहे. या वादाकडे पुढे येऊ. आधी ग्रंथात काय आहे ते पाहणे आवश्यक आहे.

सीताराम १८१२ च्या सुमारास भरती झाला. त्याचा मामा कंपनीच्या फौजेत जमादार होता. तो रजेवर गावी येतो तेव्हा त्याच्या गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ आहे, अंगात लाल कोट आहे, तोंडी दूरदेशच्या गोष्टी आहेत. मुलगा भारावतो. आईचा विरोध आहे. बापाचा मात्र आमराईसंबंधी एक खटला चालू आहे. मुलगा कंपनीच्या चाकरीत असला तर न्यायालयात आपले वजन पडेल, असे त्याच्या मनात येते. कुटुंबाच्या पुरोहिताचा सल्ला घेतला जातो आणि मुलगा मामाबरोबर निघतो.

या आमराईपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. निवृत्त सैनिकाने तरुणपणास उपदेश करावा, या कल्पनेत एक गृहीतक दडलेले असते : तो तरुण एकटा होता, मोकळा होता, आणि योग्य शब्द कानी पडले असते तर त्याने दुसरा मार्ग धरला असता. सीतारामाच्या निवेदनात असा एकटा तरुण कोठे आहे? एका बाजूला माळ, दुसऱ्या बाजूला खटला, आणि मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. वृद्ध सुभेदाराने त्याला उपदेश करावयाचा तर आधी बापाला करावा लागेल, मामाला करावा लागेल, आणि शिपाई असल्याने न्याय सुलभ होतो अशी समजूत जिने रुजू दिली त्या राज्यव्यवस्थेलाही करावा लागेल. ग्रंथात मामाविषयी कडवटपणा नाही. मोहाची हकिकत मोहाच्या रंगातच सांगितली आहे, आणि हे या ग्रंथाचे उत्तम भाग आहेत.

पुढे गुरखा युद्ध, पेंढाऱ्यांवरील मोहीम, भरतपूर, अफगाणिस्तान, शीख युद्धे अशी जवळजवळ अर्धशतकाची चाकरी येते. अफगाणिस्तानात तो पकडला जातो, गुलाम म्हणून विकला जातो, सुटून घरी येतो तेव्हा जात गेलेली असते आणि ती परत मिळविण्यासाठी पैसा मोजावा लागतो. मग १८५७ उगवते. मुलगाही कंपनीच्याच पलटणीत शिपाई झालेला होता. मामाने भाच्यापुढे ठेवलेली वाट पुढच्या पिढीनेही धरली होती. लखनौच्या बाजूला बंडातील कैदी गोळ्या घालण्यासाठी आणले जातात आणि गोळ्या घालणाऱ्या तुकडीवर सीताराम नेमलेला असतो. कैद्यांत त्याचा मुलगा असतो. तो अधिकाऱ्याची विनवणी करतो. त्याला त्या कामातून मोकळे केले जाते, मुलाला मात्र नाही. नंतर देहाचे अंत्यसंस्कार करण्याची परवानगी त्याला मिळते.

सैनिकी आत्मवृत्तांत दोन ‘मी’ समोरासमोर आल्याचा याहून भीषण प्रसंग आमच्या पाहण्यात नाही. ज्या तरुणाला वृद्धाने काही सांगावयाचे, तो येथे कल्पनेत नाही, देहाने समोर उभा आहे. त्याच वेषात, त्याच चाकरीत, जवळजवळ त्याच वयाचा. आणि वृद्ध त्याला काय सांगतो? उपदेशाचे एकही वाक्य या प्रसंगी येत नाही. त्याची जी काही विनवणी आहे ती साहेबापाशी आहे.

उपदेश या ग्रंथात नाही असे मात्र नाही. शेवटच्या भागात तो भरपूर आहे, पण तो सरकारला केलेला आहे. बढती केवळ सेवाज्येष्ठतेने मिळते आणि मिळते तेव्हा मनुष्य थकलेला असतो. पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याचे अधिकार कमी केल्याने शिस्त गेली. न्यायालयांत लाच चालते. अशा तक्रारी आणि सूचना तेथे एकामागून एक येतात. हा भाग साहेबाच्या कानासाठी लिहिलेला आहे हे उघड आहे, मग लिहिणारा सीताराम असो वा नॉरगेट. त्या काळचे इंग्रज अधिकारीही याच तक्रारी करीत असत, ही गोष्ट संशय वाढविणारी आहे. आमचे मत विचाराल तर, या ग्रंथाचा निकाल ‘खरा’ किंवा ‘खोटा’ असा एका शब्दात लागणार नाही. शेवटच्या सूचनांवर साहेबाच्या बोटांचे ठसे दिसतात. आमराईचा खटला आणि जातीत परत घेण्यासाठी मोजलेला पैसा यांवर ते इतके स्पष्ट दिसत नाहीत. आणि पेन्शनीची भीती खरी असो वा रचलेली, ती या सर्व उपदेशाचा खरा श्रोता कोण हे सांगून जाते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी या ग्रंथाचे उर्दू रूप इंग्रज अधिकाऱ्यांच्या भाषापरीक्षेसाठी वाचले जाऊ लागले, तेव्हा वर्तुळ आणखी विचित्र झाले : वृद्ध शिपायाचा अनुभव ऐकावयास अखेर तरुण मिळाले, पण ते तरुण शिपाई नव्हते.

मराठी आत्मचरित्राच्या परिचित परंपरेत सामान्य शिपायाचे आत्मवृत्त हा ठळक प्रवाह नाही. पहिल्या महायुद्धात १०३ व ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेल्यावर त्यांतील वाचलेले कैदेत गेले. त्यांच्यापैकी कोणी उतारवयात काय सांगितले असेल ते बहुतांशी ओटीवर सांगितले गेले आणि तेथेच राहिले. लेखी स्वरूपात हिंदुस्थानी शिपायाचा आवाज जेथे मोठ्या प्रमाणावर सापडतो ती जागा वेगळी आहे : फ्रान्समध्ये १९१४ अखेरीपासून सुरू झालेल्या टपाल तपासनिसांच्या कचेरीचे अहवाल. शिपायांची पत्रे तेथे उघडली जात, त्यांतील उतारे इंग्रजीत उतरविले जात, काही पत्रे रोखली जात. पंजाब आणि वायव्येकडील शिपायांची पत्रे त्यांत बहुसंख्य आहेत. मराठी शिपायांचा वाटा अल्प आहे. १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी यांनी या उताऱ्यांची मोठी निवड ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

या पत्रांना आत्मचरित्र म्हणता येत नाही, आणि लिहिणारे वृद्धही नाहीत. कित्येक विशी-पंचविशीतले आहेत. पण खंदकातील काही महिन्यांत मनुष्य निवृत्त योद्ध्याइतका जुना होत असावा. धाकट्या भावाला, पुतण्याला, गावच्या मित्राला यांतील काही जण लिहितात की भरती होऊ नकोस. कोणाला ते उघड लिहिण्याचे धैर्य होते. कोणी तपासनीस वाचणार हे जाणून आडपडद्याने लिहीत. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरात आहे, अशा धर्तीच्या वाक्यांत काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, हे तपासनिसांनाही लवकरच उमगले.

स्वतःच्या तरुणपणास करावयाचा उपदेश येथे प्रथमच अशा माणसाकडे जातो की ज्याला तो उपयोगी पडू शकेल. भाऊ अजून गावी आहे. भरतीचा जमादार कदाचित अजून आलेला नाही, किंवा माळ घालून ओटीवर बसला असेल. ससूनला १९१७ चा ससून परत मिळणार नव्हता, ओब्रायनला ती नाव परत मिळणार नव्हती. या शिपायाला मात्र धाकटा भाऊ होता आणि एक आण्याचा नसला तरी एक कागद होता. म्हणूनच येथे वाक्ये आखूड आहेत, त्यांत जीवनदृष्टी वगैरे काही नाही, आणि शैलीचा विचार केलाच असेल तर तो तपासनिसाला फसविण्यापुरता. वाङ्मयीन निकषांनी या उताऱ्यांना आत्मवृत्ताच्या पंक्तीला बसवावे की नाही यावर मतभेद होतील. आम्ही ते बसवू. कारण अनुभवणारा ‘मी’ आणि सांगणारा ‘मी’ यांतील अंतर येथे काही आठवड्यांचे आहे, आणि सांगणाऱ्याने ते अलंकारांनी भरून काढलेले नाही.

अडचण एवढीच की मूळ पत्रे बहुधा उरलेली नाहीत. उरला आहे तो तपासनिसाने केलेला इंग्रजी उतारा, वर तारीख, पाठविणाराची पलटण आणि ज्याला पाठविले त्याचे गाव. तो भाऊ पुढे भरती झाला की नाही हे अहवालात लिहिलेले नाही. तपासनिसाला ते जाणून घेण्याचे कारणही नव्हते.